वेगवान गाडीची अपुरी गोष्ट

अमेरिकेत 1910 साली मुलांसाठी एक कादंबरी प्रसिद्ध झाली : ‘टॉम स्विफ्ट अँड हिज इलेक्ट्रिक रनअबाउट’. टॉम हा तरुण संशोधक विजेवर पळणारी गाडी स्वतःच्या कारखान्यात तयार करतो. अडचणीत आलेली बँक वाचवायला तिच्यातून रोकड आणतो आणि शेवटी शर्यतही जिंकतो. ‘रस्त्यावरची सर्वांत वेगवान गाडी’ अशा अर्थाचे या पुस्तकाचे उपशीर्षक आहे. लेखक म्हणून छापलेले व्हिक्टर ॲपलटन हे नाव एडवर्ड स्ट्रेटमेयर यांच्या पुस्तकनिर्मिती संस्थेने ठरवलेले टोपणनाव होते. प्रत्यक्ष लिहिणारा हात हॉवर्ड गॅरिस यांचा होता. पुस्तकाला फारसे वाङ्मयीन वजन नाही. तरीही त्यातली एक जाण पक्की आहे. विजेच्या गाडीचे खरे कोडे मोटर नसून बॅटरी आहे, हे ते ओळखते. टॉमचा मुख्य शोध नव्या प्रकारच्या बॅटरीचाच आहे.

त्या काळात ही कल्पना हवेतली नव्हती. 1899 मध्ये कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने पॅरिसजवळच्या आशेर इथे ‘ला जामे काँतांत’ ही टॉर्पेडोच्या आकाराची गाडी ताशी 105 किलोमीटरवर नेली. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी ती पहिली मोटारगाडी, आणि ती विजेवर चालणारी होती. थॉमस एडिसन निकेल आणि लोखंडाच्या बॅटरीवर अनेक वर्षे झटत होते. मात्र 1910 च्या सुमारास अमेरिकेत विजेची गाडी शहरातल्या सुखवस्तू घरांची, हळू चालणारी, आवाज न करणारी सोय म्हणून विकली जात होती. वेगाचा मान पेट्रोलकडे गेला होता. गॅरिस यांनी तो विजेला परत दिला. बाजाराने निकालात काढलेली शक्यता गोष्टीत जिवंत राहते, आणि एखाद्या मुलाच्या डोक्यात घर करते. विज्ञानकथेचे हे काम मला भविष्यवाणीपेक्षा मोलाचे वाटते. भविष्यवाणी खरी ठरली की तिचे काम संपते. जिवंत ठेवलेली शक्यता मात्र पुढच्या माणसाला कामाला लावते.

पण त्या गोष्टीत एक उणीव आहे आणि नंतरच्या बहुतेक कल्पित गाड्यांनी ती वारशाने घेतली. टॉमची गाडी एकच आहे. तिचा कर्ताच तिचा चालक आहे आणि दुरुस्तीला घरचा कारखाना आहे. अशा हजार गाड्या रस्त्यावर आल्या तर त्यांना वीज कोण पुरवणार, हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. प्रोटोटाइपचे हे मोठे सुख आहे. त्याला फक्त एकदा, सर्वांसमोर, धावून दाखवायचे असते.

प्रत्यक्षातली विजेची गाडी नेमकी इथेच हरली. पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येत होते, गावच्या दुकानात विकता येत होते. वीज शहराच्या वेशीपर्यंत पोचून थांबत होती. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. 1908 मध्ये आलेली फोर्डची मॉडेल टी उत्तरोत्तर स्वस्त होत गेली. 1912 मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला आणि हाताने हँडल मारण्याचा त्रासही गेला. पेट्रोलच्या गाडीमागे विहिरी, डबे, दुकाने आणि मेकॅनिक अशी पुरी साखळी उभी राहिली. विजेच्या गाडीमागे तशी साखळी उभी राहिली नाही.

ही साखळी कथेत आणली तर कथा रुक्ष होईल, अशी भीती लेखकांना वाटत असावी. ही भीती अगदीच निराधार नाही. वाचक अद्भुताच्या ओढीने येतो, त्याला भारनियमनाचे वेळापत्रक नको असते. पण ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटमालेचा 1990 चा तिसरा भाग पाहावा. त्यातली डिलोरियन ही गाडी काळाच्या पार जाते. कालप्रवासाच्या यंत्रणेला अणुसंमीलनाची ऊर्जा मिळते, पण चाके फिरवणारे इंजिन पेट्रोलचेच आहे. गाडी 1885 सालात पोचते, इंधनाची नळी फुटते आणि त्या काळात पेट्रोल मिळणार कुठे? अखेर तिला ताशी 88 मैलांचा वेग द्यायला मागून रेल्वे इंजिन लावावे लागते. मालिकेतला सर्वांत थरारक प्रसंग इंधन नसल्यामुळे घडतो. पुरवठ्याची अडचण कथेला मारत नाही, तिला कणा देते.

खऱ्या जगाने पुरवठ्याचा हा धडा उशिरा घेतला. कॅलिफोर्नियातल्या एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीने 1997 मध्ये ‘टीझीरो’ ही विजेची स्पोर्ट्स कार दाखवली. पुढे तिला लिथियम-आयन बॅटरी बसवण्यात आली. मार्टिन एबरहार्ड यांना ती भावली आणि 2003 मध्ये मार्क टार्पेनिंग यांच्यासह त्यांनी टेस्ला स्थापन केली. टेस्लाची 2008 ची रोडस्टर त्याच वाटेवरची. तिने वेगाची शंका कायमची मिटवली. पण लांबच्या प्रवासाची शंका मिटायला 2012 पासून महामार्गांवर चार्जिंग केंद्रांचे जाळे उभे राहावे लागले. गाडीने लोकांना थक्क केले, केंद्रांनी त्यांना घराबाहेर काढले.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार आहे. महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. पुण्यामुंबईत धूर न सोडता धावणाऱ्या गाडीचा काही धूर चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांवरच्या आकाशात असतो. अनेक गावांत शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून शेतकरी अंधारात बांधावर जातो, आणि शहरातली गाडी रात्रीच चार्जिंगला लागते. म्हणून विजेच्या गाड्या नकोत, असे मी म्हणत नाही. त्या हव्यातच. पण कोणाच्या वाट्याची वीज, कोणत्या वेळी, कोणत्या इंधनातून, हे न विचारता केलेले गाडीचे कौतुक अर्धवट आहे. टॉम स्विफ्टच्या गोष्टीइतकेच अर्धवट.

मराठी विज्ञानकथेला समाजाचे भान नवे नाही. जयंत नारळीकरांनी विज्ञानाचा धागा माणसांच्या व्यवहाराशी जोडून दाखवला आहे. आता कोणी ताशी तीनशे किलोमीटर वेगाची कल्पित गाडी लिहायला घेतली, तर तिचा कर्ता सोसायटीच्या सभेत पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटसाठी भांडताना दिसावा. गावच्या डीपीवर किती भार चढतो याचा हिशेब त्याने मांडावा, आणि रात्रीच्या पाळीतल्या वायरमनलाही त्या कथेत नाव असावे. वेगाची कल्पना करणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. तो वेग सर्वांच्या वाट्याला येईल अशा व्यवस्थेची कल्पना करणे जास्त अवघड आहे. लेखकाच्या प्रतिभेची खरी गरज तिथे आहे.