फुलाचें ऋण

अँडीज पर्वताच्या उंच अरण्यांत राहणाऱ्या एका गुंजनपक्ष्याची चोंच शेपटी वगळतां उरलेल्या देहाहूनहि लांब असते. लांबट फुलांतील मध तो समोरून पितो आणि पराग वाहून त्याचें मोल फेडतो. आमच्या चौक गांवीं, धारावी किल्ल्याच्या वाटेवर, शिंजीर मात्र कधीं कधीं जास्वंदीच्या तळाशीं छिद्र पाडून मध नेतो. परागाला त्याचा स्पर्शहि होत नाहीं. त्यास चोर म्हणावें काय? ज्यास ऋण कळत नाहीं, त्यास तें बुडविल्याचा दोष लागत नाहीं. मनुष्यास तें कळतें. म्हणून ‘पांखरेंहि असेंच करितात’ ही सबब त्यास सोडवीत नाहीं. जाणतेपणाचा मान हवा, तर हें ओझेंहि उचललेंच पाहिजे.