स्वप्नात मिळाले ते काम

आषाढ जवळ आला की वारीतून नेतृत्वाचे धडे देणारी व्याख्याने सुरू होतात आणि त्यांत तुकोबांची एक गोष्ट हमखास येते. देहूचा वाणी, काव्यशास्त्र कधी शिकलेला नाही. एका रात्री स्वप्न पडले आणि अभंग वाहू लागले. तेव्हा तुम्हीही मन मोकळे ठेवा, उशाशी वही ठेवा, नवी कल्पना कुणालाही सुचू शकते. ऐकणारी तरुण मंडळी भारावून जातात. मला यात तुकोबांवर अन्याय झालेला दिसतो आणि त्याहून मोठा त्या तरुणांवर. कारण उशाशी वही ठेवूनही काही सुचले नाही, की ती स्वतःलाच उणी समजू लागतात.

आपल्या परंपरेत कवित्वाचा विचार इतका सैल नव्हता. काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू मानला. त्यातला एखादा सुटा काढून चालत नाही, हे त्याने मुद्दाम सांगितले. त्याच्याही आधी राजशेखराने कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला होता: पहिल्यात अध्ययन, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात काव्यगोष्टी, आणि चौथ्यात सकाळी लिहिलेले तपासून पाहणे. प्रतिभा जन्मजात मानणाऱ्या काळातले हे वेळापत्रक आहे. इथवर फारसा वाद नाही.

गफलत होते ती संतांपाशी. शब्द माझे नाहीत, बोलविता धनी वेगळा आहे, असे तुकोबा पुन्हा पुन्हा सांगतात. त्यावरून आपण सरळ अर्थ काढतो, की त्यांना काही करावेच लागले नाही. पण त्यांनी आपली हकीकत स्वतः सांगून ठेवली आहे आणि तिच्यातला क्रम नीट पाहण्यासारखा आहे. दुष्काळात व्यवसाय बुडाला, एक बायको अन्नावाचून गेली. मग मोडकळीस आलेले देऊळ त्यांनी उभे केले. एकादशीला कीर्तन सुरू केले, तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते, हेही ते लपवत नाहीत. संतांची वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. त्यानंतर गुरूचा स्वप्नातला उपदेश आणि त्याच्याही नंतर कवित्वाची स्फूर्ती. म्हणजे ज्ञानदेव, नामदेव, कबीर, एकनाथ जिभेवर बसलेले, ताल अंगात मुरलेला, वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या ओळी मागून उचललेल्या, अशा माणसाला स्फूर्ती झाली.

आता ते दुसरे, प्रसिद्ध स्वप्न. नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि त्यांनी तुकोबांना जागे केले, एवढे सगळ्यांना आठवते. त्यांनी दिले काय, हे मात्र कुणी पाहत नाही. त्यांनी कविता दिली नाही, काम दिले. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला होता, तो अपुरा राहिला होता. उरलेला तुकोबांनी पुरा करायचा, आणि मापावर स्वतः विठ्ठल. जाग आली तेव्हा तुकोबांच्या हातात एकही तयार ओळ नव्हती. होती ती सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याची थकबाकी. आज साडेचार हजारांहून अधिक अभंग त्यांच्या नावावर आहेत.

स्वप्नातून तयार कविता मिळते ही कल्पना दुसरीकडची आहे. इंग्रज कवी कोलरिजने 1816 साली 'कुब्ला खान' छापली, तेव्हा प्रस्तावनेत लिहिले की झोपेत दोनतीनशे ओळी आपोआप रचल्या गेल्या. पुढे सापडलेल्या त्याच्या हस्तलिखितातले शब्द छापील कवितेपेक्षा जागोजागी वेगळे आहेत. म्हणजे त्यानेही बसून हात फिरवला होता. पण गोष्ट रुजली ती झोपेची. मुंबई विद्यापीठ 1857 साली सुरू झाले, सरकारी मदतीने तुकोबांची गाथा 1869 ते 1873 या काळात छापली गेली आणि इंग्रजी स्वच्छंदतावादी कविता वाचणाऱ्या पिढीच्या हाती ही गाथा आली. तेव्हापासून आपण तुकोबांना कोलरिजच्या चष्म्यातून वाचत आलो, असे माझे ठाम मत आहे. गणिती रामानुजनचेही तेच केले. स्वप्नात सूत्रे देणारी नामगिरी देवी लक्षात राहिली. कार या इंग्रज लेखकाच्या पुस्तकातली हजारो सूत्रे सोडवत, महागडा कागद वाचवण्यासाठी पाटीवर लिहून कोपराने पुसणारा मुलगा विसरला गेला.

तुकोबांनी श्रम स्वतःकडे ठेवले आणि मालकी सोडली. आजची शिबिरे नेमके उलटे शिकवतात: कल्पना माझी, पण ती यावी आपोआप. कुणी म्हणेल, मग प्रत्येक अभंगाच्या शेवटी 'तुका' कशाला? मला ती नाममुद्रा मालकीची वाटत नाही. जे बोललो त्याला जबाब द्यायला मी उभा आहे, एवढेच ती सांगते. आणि विरोध होऊन इंद्रायणीत अभंगांच्या वह्या बुडवण्याची पाळी आली तेव्हा तो जबाब त्यांना द्यावाच लागला.

नेतृत्वाचा धडा हवाच असेल तर मी तो इथे शोधेन. संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी शेजारी बसून अभंग उतरवून घेत. संत बहिणाबाईंनी तुकोबांची पदे कीर्तनात ऐकली, त्यांनाही तुकोबांचा उपदेश स्वप्नात झाला, आणि त्यांनी स्वतःचे चरित्र अभंगांतून लिहिले. पिंपळनेरच्या निळोबांची तर तुकोबांशी भेटच झालेली नव्हती. तरी परंपरा सांगते की तुकोबांनी त्यांना दर्शन देऊन अनुग्रह केला, आणि निळोबा लिहू लागले. नामदेवांकडून तुकोबांकडे आणि तिथून पुढे असे काम सरकत गेले. आपल्याकडे मात्र नावीन्याच्या स्पर्धांचे अर्ज विचारतात, की तुमची कल्पना आधी कुणी मांडली नव्हती ना. आधीच्या कुणाचे कोणते अर्धे राहिलेले काम तुम्ही हाती घेत आहात, यासाठी त्यांत रकाना नसतो.