जपणूक आणि बदल
वडिलांची जुनी, जपानी घडणीची यामाहा आरएक्स १०० मुलगा दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणतो, तेव्हा आम्हांला आनंद होतो. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही दुचाकी अनेकांच्या तारुण्याची सोबतीण. गंज खरवडणे, कार्ब्युरेटर साफ करणे ही सेवाच. परंतु सायलेन्सर बदलून शेजाऱ्यांची झोप मोडणे, हे प्रेम गाडीवरचे की स्वतःवरचे? हेतू चांगला असूनही चूक घडते. आमच्या सोयगाव तालुक्यातील अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या दशकारंभी इटालियन तज्ज्ञांनी रक्षणासाठीच लाखेचा लेप दिला. तो पिवळा पडला आणि मूळ रंग झाकोळले. म्हणून जुन्या वस्तूला हात लावण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे : हा बदल उद्या मागे घेता येईल काय? कारण ती वस्तू आपल्या मुलांनाही पाहायची आहे.