गिट थांबून राहतं

बिदरमध्ये मैलूर रोडवर गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरणारी मुलं या भागात संगणकशास्त्र शिकतात. पहिला मोठा प्रकल्प हाती आला की त्यांची गाठ गिटशी पडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या कामासाठी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं हे साधन लिहिलं. कोड बदलून कमिट केलं, म्हणजे बदल नोंदवला, की गिट विचारतं, हा बदल कशासाठी?

नवखी मुलं इथेच अडखळतात. एडिटरमध्ये अडचण आली, संदेश दुसऱ्या मार्गाने द्या, असं पडद्यावर येतं. मग कुणीतरी 'डॅश एम' शिकवतं, 'बदल केला' एवढे दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकले जातात आणि काम पुढे सरकतं. पण कारण सविस्तर सांगायची सवय तिथेच खुंटते. सहा महिन्यांनी तोच कोड उघडणाऱ्याला 'बदल केला' वाचून काय कळणार? म्हणून एडिटरची ही चूक बगल देऊन सोडू नये, नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

समजून घ्यायची गोष्ट एकच आहे. गिट स्वतः काही लिहून घेत नाही. प्रकल्पाच्या लपलेल्या 'डॉट गिट' फोल्डरमध्ये ते संदेशासाठी एक फाइल तयार करतं, ती दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देतं आणि थांबून राहतं. तो प्रोग्राम संपला की दोनच गोष्टी पाहतं: तो सुखरूप संपला का, आणि फाइलमध्ये काही लिहिलंय का. हॅशने सुरू होणाऱ्या सूचनांच्या ओळी ते धरत नाही.

फाइल कुणाच्या हाती द्यायची, हे ठरलेल्या क्रमाने ठरतं. आधी गिट-एडिटर हे पर्यावरण-चल, मग सेटिंगमधला 'कोअर डॉट एडिटर', त्यानंतर 'व्हिज्युअल' आणि 'एडिटर' ही चलं, आणि कुठेच काही नसेल तर बहुधा व्हीआय. बिल जॉय यांचा हा संपादक 1976चा. नवख्याला त्यातून बाहेर पडायची वाटच सापडत नाही. सेटिंगमध्ये नोंदवलेला प्रोग्राम संगणकावर नसेल, किंवा विंडोजवर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या मोकळ्या जागेमुळे त्याचा पत्ता मधेच तुटला, तर फाइल कुणाच्या हाती पोचतच नाही. अशा वेळी 'कोअर डॉट एडिटर'मध्ये ओळखीच्या संपादकाचं नाव लिहावं आणि पूर्ण पत्ता देताना तो आतल्या अवतरणचिन्हांत ठेवावा.

खरी गंमत थांबण्यात आहे. व्हीएस कोड हा संपादक नुसत्या नावाने नोंदवला की खिडकी उघडते, पण हाक मारणारी आज्ञा लगेच संपते. निरोप्याने चिठ्ठी दाराशी ठेवून उत्तर न घेताच परतावं, तसं. गिटला वाटतं लिहून झालं. ते फाइल पाहतं, तिच्यात सूचनांपलीकडे काही नसतं, आणि संदेश रिकामा म्हणून कमिट रद्द होतं. तुम्ही मात्र खिडकीत अजून पहिलं वाक्य जुळवत असता. नावापुढे 'डॅश डॅश वेट' लिहिलं की हा गोंधळ मिटतो. कमिट रद्द झालं म्हणून गिटला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले. गिटने तेव्हा फक्त संदेश नसलेली फाइल वाचलेली असते.

संपादक सुखरूप संपला का, हे गिट त्याने परत दिलेल्या आकड्यावरून ओळखतं. शून्य म्हणजे ठीक, दुसरं काहीही म्हणजे बिघाड. व्हीआयच्या सुधारित रूपात, म्हणजे विममध्ये, 'कोलन सीक्यू' टाइप करून मुद्दाम बिघाडाचा आकडा परत देता येतो, आणि नको असलेलं कमिट थांबवता येतं.

इतकं कळलं की हरवलेल्या संदेशाची भीतीही उरत नाही. जतन केलेला मजकूर कमिट फसल्यावरही त्याच फाइलमध्ये असतो. पुढचं कमिट करण्याआधी 'डॅश ई' आणि 'डॅश एफ' हे पर्याय एकत्र वापरून ती फाइल दाखवली, की तोच मजकूर संपादकात पुन्हा उघडतो.

आणि हो, कारण मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. संदेश यूटीएफ-8 मध्ये आहे असं गिट धरून चालतं, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिपी सुखाने बसतात. फक्त जुन्या विंडोजचं नोटपॅड वापरत असाल तर जतन करताना यूटीएफ-8 निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतील.