दोन जावा, दोन कॉम्प्युटर

डोंबिवलीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन जावा समोरासमोर राहत होत्या. सासूबाई एक महिना इकडे, एक महिना तिकडे. गावाकडचा जमिनीचा एक तुकडा विकला तेव्हा सासूबाईंनी दोघींच्या हातात सारखेच 45 हजार रुपये ठेवले आणि बजावलं, ‘‘पोरांच्या अभ्यासाला आणि घरच्या कामाला कॉम्प्युटर घ्या. वर एक रुपया मिळायचा नाही, आणि बिघडला म्हणून माझ्याकडं यायचं नाही.’’

थोरली व्यवहाराला पक्की. मंडईत पावशेर मिरचीवर कोथिंबीर घेतल्याशिवाय न हलणारी. पण कॉम्प्युटर तिच्या माहितीतला नव्हता, म्हणून तिनं दहावीतल्या मुलाला बरोबर घेतलं. दादरला गाडी बदलून मायलेक ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला लागले. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, तरी कॉम्प्युटरचं गिऱ्हाईक अजून लॅमिंग्टन रोडच विचारत येतं. एका दुकानाच्या दर्शनी भागात काचेचा कॅबिनेट ठेवला होता. आत चार पंखे, चारही पंख्यांना रंग बदलणारे दिवे. मुलगा तिथंच खिळला.

‘‘आय-सेव्हन आहे ताई,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘16 जीबी रॅम, 1 टीबीची डिस्क, 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, 27 इंची मॉनिटर. विंडोज टाकून देतो. सगळं 45 हजारांत.’’

सात म्हणजे तीन आणि पाचाच्या वर, एवढं थोरलीला ठाऊक होतं. तिनं घासाघीस करून कीबोर्ड-माउस फुकटात मिळवला आणि टॅक्सीनं खोकी घरी आणली. बिलावर ‘आय-सेव्हन असेम्बल्ड सेट’ एवढंच होतं. कितव्या पिढीचा आय-सेव्हन, हे तिनं विचारलं नाही आणि दुकानदारानं आपणहून सांगितलं नाही.

धाकटी त्या आठवड्यात गेलीच नाही. तिनं कॅलेंडरचं सरलेलं पान फाडलं, उलटं केलं आणि घरात कॉम्प्युटरवर कोण काय करणार ते लिहायला बसली. नवरा सोसायटीचा खजिनदार, तेव्हा जमाखर्चाच्या एक्सेल फाइली आणि पावत्यांची छपाई. मुलगी अकरावीत, तिचे ऑनलाइन क्लास, प्रकल्पाचं टायपिंग आणि दहा-पंधरा टॅब एकदम उघडे ठेवायची तिची खोड. सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो एका जागी साठवणं. विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, सासूबाईंची जुनी नाट्यगीतं. ‘गेम’ लिहून तिनं पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘मी मोबाइलवरच खेळते.’’ तिनं तो शब्द खोडला.

ते पान घेऊन ती त्याच रस्त्यावरच्या एका लहानशा गाळ्यात शिरली. पहिल्या खेपेला पैसे मुद्दाम घरी ठेवले होते. गाळ्यातल्या म्हाताऱ्या दुकानदारानं चष्मा वर सरकवून पान वाचलं आणि विचारलं, ‘‘यात ग्राफिक्स कार्डाला काम कुठंय?’’

‘‘मग नको,’’ धाकटी म्हणाली.

यादीतून सर्वांत महागडी वस्तू अशी दोन शब्दांत गेली.

प्रोसेसरला मात्र वेळ लागला. म्हाताऱ्यानं इंटेलच्या आय-थ्रीची दोन खोकी पुढं ठेवली. एकावर 12100, दुसऱ्यावर 12100 एफ. एफवालं थोडं स्वस्त होतं. कोणतीही बाई स्वस्त उचलेल, पण धाकटीनं विचारलं, ‘‘हे स्वस्त का?’’ म्हातारा म्हणाला, ‘‘याच्यात पडद्यावर चित्र पाठवणारा भाग वापरता येत नाही. हा घ्याल तर वेगळं कार्ड घ्यावंच लागेल. नाहीतर पंखा फिरेल आणि पडदा काळाच राहील.’’ स्वस्तात पडणारं ते एक अक्षर पुढं किती महागात जातं ते तिला कळलं. तिनं एफ नसलेलं खोकं घेतलं.

इथं जरा थांबून थोरलीच्या आय-सेव्हनकडं बघायला हवं. तो निघाला आय-सेव्हन 2600, म्हणजे इंटेलनं जानेवारी 2011 मध्ये बाजारात आणलेला. धाकटीचा आय-थ्री 12100 हा जानेवारी 2022 चा. दोघांचेही कोअर, म्हणजे काम करणारे भाग, चार आणि थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे, आठ. म्हणजे मोजदादीला दोघे अगदी सारखे. पण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोअरची ताकद कुठल्या कुठं गेली, त्यामुळं रोजच्या कामात धाकटीचा ‘तीन’ थोरलीच्या ‘साता’ला सहज मागं टाकतो. तेही 95 ऐवजी 60 वॅटच्या हिशेबानं. आय-सेव्हनमधला सात हा त्याच्या पिढीतला मान आहे. पिढी नंतरच्या आकड्यांत असते. 2600 मधला दोन म्हणजे दुसरी पिढी, 12100 मधले बारा म्हणजे बारावी. बारावीत शिकणाऱ्या पोराला दुसरीतल्या पहिल्या नंबराशी कोणी तोलत नाही, पण कॉम्प्युटरच्या दुकानात रोज ते होतं.

आता डिस्क. थोरलीला 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क मिळाली होती, धाकटीनं 500 जीबीची एनव्हीएमई जातीची एसएसडी घेतली. आकडा निम्मा बघून तिचा नवरा कुरकुरला. पण फिरत्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते आणि तिच्यावरची सुई जागा शोधत इकडून तिकडं धावते. विंडोज सुरू होताना हजारो लहान-लहान फाइली वाचाव्या लागतात, तेव्हा हे शोधणंच सगळा वेळ खातं. एसएसडीत हलणारा भागच नाही. घरगुती कॉम्प्युटर हळू चालतो तो बहुतेकदा प्रोसेसरमुळं नव्हे, या डिस्कमुळं. जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवली तरी तो पुन्हा उभारी धरतो. मला कोणी विचारलं की एकाच भागावर जास्त पैसे घालायचे तर कशावर, तर मी डोळे मिटून एसएसडी सांगेन.

रॅमबाबत धाकटीनं 8 जीबीची एकच स्टिक घेतली आणि दुसरी जागा मोकळी ठेवली. ‘‘पुढं लागेल तशी घालू.’’

मग आला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना पचेल अशी करून देणारा डबा. थोरलीच्या कॅबिनेटबरोबर तो आपसूक आला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत 500 वॅट छापलं होतं आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका होता. म्हाताऱ्यानं धाकटीलाही तसला दाखवला आणि शेजारी एक जड, महाग, 450 वॅटचा ठेवला. त्यावर ‘80 प्लस’चा शिक्का. म्हणजे घेतलेल्या विजेतली किमान ऐंशी टक्के तो पुढं पोचवतो, उरलेलीच उष्णता होऊन वाया जाते. दाब चढला तर स्वतः बंद होऊन पुढचं वाचवायची सोयही त्यात होती. ‘‘तुमच्या सेटला प्रत्यक्षात शंभर वॅटही क्वचित लागतील,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘वॅट बघू नका. माल बघा.’’

धाकटी फावल्या वेळात ब्लाउज शिवायची. ती हसून म्हणाली, ‘‘कळलं काका. अस्तर कसलं लावलंय ते बघणाऱ्याला दिसत नाही, घालणारीला पहिल्या उन्हाळ्यात कळतं.’’

दिव्यांचा कॅबिनेट तिनं घेतला नाही. साधा, काळा, पुढून हवा आत घेणारा घेतला. वाचलेल्या पैशांत 22 इंची बरा फुल एचडी मॉनिटर आणि 600 व्हीएचा यूपीएस बसला. यूपीएसवरचे व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. 600 व्हीएला साधारण 360 वॅट धरावेत. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला तेवढे पुष्कळ झाले. विंडोजचा परवाना विकत घ्यावा लागला तेव्हा तिच्या जिवावर आलं, पण घेतला. एकूण बिल 45 हजारांच्या आतबाहेर झालं. वरचे काही रुपये तिनं ब्लाउजांच्या शिलाईतून भरले.

पहिले काही महिने थोरलीच्या घरी गर्दी. शेजारपाजारची मुलं दिवे बघायला यायची. धाकटीच्या टेबलाखालच्या काळ्या डब्याकडं कोणी ढुंकून पाहिलं नाही. थोरलीचा सेट सुरू होईपर्यंत चहा व्हायचा, पण एवढं चालायचंच म्हणून ती गप्प राहिली. मग 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा आधार थांबवला. मुलानं विंडोज 11 घालायचा प्रयत्न केला तर पडद्यावर नकार आला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. दुसऱ्या पिढीचा आय-सेव्हन त्या दारात उभाच राहू शकत नाही. पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दिवे लुकलुकले, हलक्या डब्यातून जळका वास आला, आणि जाताना तो सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डही घेऊन गेला.

दुकानदार म्हणाला, ‘‘त्या जातीचा बोर्ड आता नवा मिळत नाही ताई, जुना बघावा लागेल.’’

त्या महिन्यात सासूबाई थोरलीकडं होत्या. त्यांनी दोघींना बसवून घेतलं. थोरली म्हणाली, ‘‘आई, मला फसवलं त्यानं.’’

‘‘थोडं त्यानं फसवलं, थोडं त्या दिव्यांनी,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पण तू दुकानात गेलीस तेव्हा तुला काय हवंय ते तुला माहीत नव्हतं. मग त्याच्याकडं काय पडून आहे तेच तुझ्या गळ्यात येणार. हिनं आधी काम ठरवलं, मग वस्तू घेतली. एवढाच फरक.’’

जुना माल घेणं वाईट असतं असं नाही. जुन्याच्या भावात मिळाला असता, एसएसडी बसवली असती आणि विंडोजऐवजी लिनक्स घातलं असतं, तर तो आय-सेव्हनही टायपिंगला आणि गाण्यांना पुरला असता. थोरलीनं जुन्याला नव्याचे पैसे मोजले आणि उरले ते दिव्यांना दिले.

धाकटीचंही सगळंच साधलं असं नाही. मुलीचे टॅब वाढले तेव्हा ती रॅमची दुसरी स्टिक घ्यायला निघाली, आणि नेमके 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेले. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली होती. पहिल्या स्टिकपेक्षा दुसरी कितीतरी महाग पडली. ‘‘तेव्हाच घेतली असती तर,’’ नवरा म्हणाला. धाकटीनं उत्तर दिलं नाही. पण बोर्डावर जागा मोकळी होती, म्हणून महाग का होईना, एका स्टिकवर काम भागलं. अख्खा सेट बदलायची वेळ आली नाही.

थोरली आता पुन्हा पैसे साठवते आहे. या खेपेला तिनं मुलाला नव्हे, धाकटीला बरोबर न्यायचं ठरवलंय, आणि जावांमध्ये ही काही लहान गोष्ट नव्हे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जुनेच चालतील. कॅबिनेटही चालेल, दिवे असले तरी बिघडत नाही. त्यातला डबा तेवढा नवा.

तुम्ही जाल तेव्हा एक करा. बिलावर नुसतं ‘आय-थ्री’ किंवा ‘आय-फाइव्ह’ लिहून घेऊ नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरासकट, मदरबोर्डचं, एसएसडीचं आणि एसएमपीएसचं नाव व मॉडेल, प्रत्येकाची वॉरंटी किती वर्षांची, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. इंटेल आपल्या खोकाबंद प्रोसेसरला सहसा तीन वर्षांची वॉरंटी देते. जो दुकानदार हे लिहून द्यायला तयार नसेल त्याच्या गाळ्यातून खाली उतरा. लॅमिंग्टन रोडवर पुढचं दुकान चार पावलांवर आहे.