गर्भरक्षक खडे आणि आशेचे सामर्थ्य

रोमन साम्राज्यात, विशेषतः इ. स. च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत, स्त्रिया जे कोरीव खडे ताईत म्हणून अंगावर वागवीत, त्यांत गर्भरक्षक खड्यांचा एक वेगळा गट आहे. यांतील बहुतेक खडे हेमटाइट या काळसर, चकाकणाऱ्या लोहखनिजाचे असून, ते घासले असता रक्तासारखी लाल पूड निघते. या खनिजाने रक्तस्राव थांबतो अशी जी समजूत होती, तिचे मूळ या गुणातच असावे. खड्यावर गर्भाशय उपड्या घटासारखे कोरलेले असते, घटाच्या तोंडाशी दातेरी किल्ली असते, आणि या सगळ्याभोवती स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेल्या सर्पाचे कडे असते. गर्भ धरल्यावर मुख बंद राहावे आणि प्रसूतीच्या घटकेला ते विनासायास उघडावे, ही दुहेरी प्रार्थना त्या किल्लीत सामावलेली दिसते.

अशा खड्याचे सामर्थ्य द्रव्यात असते, आकृतीत असते, की तो धारण करणारीच्या मनात, हा प्रश्न आधुनिक संशयवादाने निर्माण केलेला नाही. रोमन ग्रंथकार प्लिनीने इ. स. 77 च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या 36व्या खंडात एटाइटीज, म्हणजे गरुडाच्या घरट्यात सापडतो असे मानलेला आणि पोटात दुसरा खडा बाळगणारा दगड, गर्भपात टाळण्यासाठी बांधावा, मात्र प्रसूतीपर्यंत सोडू नये, असे नोंदले आहे, म्हणजे येथे दगडाचे गर्भवतीशी असलेले साम्य हेच त्याचे बळ ठरते. गेलेन या वैद्याने मात्र पोटाच्या विकारांवरील हिरव्या जॅस्परची परीक्षाच घेतली. त्यावर तेजोवलय असलेला सर्प कोरावा असे काही जण सांगत. गेलेनने नुसत्या, न कोरलेल्या खड्यांची माळ करून ती जठराच्या मुखाला स्पर्श करील इतकी लांब गळ्यात बांधली आणि गुण तितकाच येतो असा निर्वाळा दिला. आकृती त्याने बाद केली, पण द्रव्यावरील श्रद्धा कायम ठेवली.

याहून खोल उत्तर एफेससच्या सोरेनस या वैद्याचे आहे. स्त्रीरोगांवरील ग्रंथात, रक्तस्रावाच्या प्रकरणी, तो ताइतांना उपचार मानत नाही. गर्भाशय एखाद्या प्राण्यासारखे शरीरात भटकते ही प्रचलित कल्पनाही त्याला अमान्य होती. तरीही ताईत वापरण्यास मनाई करू नये, कारण प्रत्यक्ष गुण आला नाही तरी आशेमुळे रुग्णेचे मन प्रसन्न राहील, असे तो म्हणतो. बाळंतपणात मृत्यू सदैव जवळ असण्याच्या त्या काळात हा निव्वळ सवलतीचा शेरा नव्हे. वेदनेत असलेल्या स्त्रीचा आधार काढून घेण्याचा अधिकार ज्ञानामुळे वैद्याला मिळत नाही, ही त्यामागील नैतिक भूमिका फार मोलाची आहे.

मात्र या भूमिकेत एक अवघड गाठ आहे. ताईत आशेद्वारेच काम करतो हे वैद्याला माहीत असले आणि रुग्णेला नसले, तर तिच्या आशेचा सांभाळ तिच्या अज्ञानावर अवलंबून राहतो. आज तीच किल्ली आणि तोच सर्प नव्या दागिन्यांवर कोरला जातो, तेव्हा ही विषमता बरीच ओसरलेली असते, कारण खडा स्वतः काही करीत नाही हे जाणूनही एखादी स्त्री तो गळ्यात घालू शकते. अशा वेळी तिची आशा त्या खड्याच्या सामर्थ्यावर नव्हे, तर तिच्याआधी याच भयातून गेलेल्या स्त्रियांच्या सोबतीवर उभी असते.