पिठाचा कोंबडा

हिरवा ठिपका दिसला म्हणून जैन घरातली बाई पुडा लगेच पिशवीत टाकत नाही. ती तो उलटा करते, आत कांदा-लसूण आहे का, बटाटा आहे का ते वाचते, आणि मगच घेते. ठिपका सरकारनं सांगितलेला. पण व्रत आपलं, म्हणून वाचायचं कामही आपलंच. मुलांच्या मोबाइलवर, कॉम्प्युटरवर जे खेळ येतात, ते मात्र आपण उलटे करून बघत नाही.

हे खेळही दुकानातूनच येतात. गूगल प्लेवर खेळाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे वयाचे आकडे असतात. खेळ बनवणारा एक प्रश्नावली भरतो, त्याच्या उत्तरांवरून आकडा निघतो. स्टीम हे कॉम्प्युटरच्या खेळांचं मोठं दुकान. तिथं मोठ्यांच्या खेळाआधी जन्मतारीख विचारतात. बारा वर्षांच्या पोरानं १९९० साल टाकलं की दार उघडतं. शिवाय स्टीमवर मराठीही नाही, कन्नडही नाही. भालकी, औराद, आळंदकडच्या कितीतरी घरांत आई मराठी वाचते, मुलं कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. म्हणजे ज्याला जपायचं त्याला इशारा वाचता येतो, आणि जिनं जपायचं तिला येत नाही! हिरव्या ठिपक्याला भाषा लागत नाही. खेळांनाही तशीच खूण हवी.

पण खूण लावली की दुकानदार सुटला का? २०२५ च्या सुरुवातीला स्टीमवर ‘नो मर्सी’ नावाचा खेळ होता. बाईवर जबरदस्ती करणं हाच त्यातला खेळ. आत काय आहे याचा इशारा पानावर लिहिलेला होता. अनेक देशांत आरडाओरडा झाला, तेव्हा एप्रिलमध्ये बनवणाऱ्यानंच तो काढून घेतला. काहीजण म्हणाले, हे तर नुसतं चित्र, खऱ्या बाईला कुठं काय झालं?

याचं उत्तर आपल्याकडं जुनं आहे. राजा यशोधरानं आईच्या आग्रहावरून खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. जीव कुणाचाच गेला नाही, पण मारायचा भाव होता. त्यापायी दोघांना कितीतरी जन्म पशुयोनीत भोगावे लागले. ही कथा सोमदेवसूरींनी ९५९ साली संस्कृतात लिहिली, तेव्हा आपल्या मळखेडला राष्ट्रकूटांची राजधानी होती. पुढं जन्नकवीनं ती कन्नडमध्ये आणली. पडद्यावरची बाई हा आजचा पिठाचा कोंबडा. आणि कृत, कारित, अनुमोदित असं तिन्ही धरायचं, तर करणारा, करवणारा आणि त्यावर वाटा घेऊन विकणारा, कुणीच सुटत नाही.

म्हणून सगळंच बंद करावं का? जुलै २०२५ मध्ये तेही झालं. ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट या संघटनेनं पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं. त्यांच्या दबावाखाली स्टीमनं बरेच खेळ काढले, आणि इच डॉट आयओ या दुकानानं प्रौढांचे सगळेच खेळ एकजात शोधयादीतून लपवले. कुठला कशाबद्दल आहे हे बघितलंच नाही. याला गाळणं म्हणत नाहीत. पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेली जिवाणी आपण फेकून देत नाही. ज्या विहिरीचं पाणी, तिथंच हळूच सोडतो. लहानांना न चालणारं लहानांपुढून बाजूला ठेवावं, मोठ्यांचं मोठ्यांनी ठरवावं. जबरदस्तीची मजा शिकवणारं मात्र दुकानात ठेवूच नये. हा फरक करायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हे दुकानदाराचं काम आहे.

आपलं काम घरातलं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली या भागात पॅरेंटल कंट्रोल्स असतात; तिथं पिन टाकून वय ठरवता येतं. इंग्रजी अडलं तर थोरल्या मुलीला, शेजारच्या सुनेला विचारावं, त्यात लाज कसली? पाणी एकदा गाळून वर्षभर पुरत नाही. तसंच अधूनमधून पोराशेजारी बसावं, खेळ बघावा, आणि विचारावं, “बाळा, यात जिंकायला काय करावं लागतं रे?” तो काय सांगतो ते नीट ऐकावं.